विषुववृत्ताखालचे मजले आणि पाण्याच्या पोटातल्या लाटा

नांगर_उचला

मागे एका धाग्यावर बोलता बोलता मी लिहून गेलो की विषुववृत्तावर खोल समुद्रात पाणी मजल्यामजल्याने उलट दिशांना वाहतं. त्यावर तिघांचे व्यनि (खाजगी निरोप) आले आणि एकाने जाहीर 'काहीही हं' केलं. म्हणून हा वेगळा धागा.

आधी माझी लायकी सांगतो. मी शास्त्रज्ञ नाही. वीसेक वर्षांपूर्वी तात्पुरत्या नोकरीत प्रकल्प सहायक होतो आणि दोनदा जहाजावरून थेट शून्य अक्षांशावर गेलो. काम हमालीचंच. वर्षभरापूर्वी तळाशी नांगरून ठेवलेला, चार-साडेचार किलोमीटर उभा दोर परत वर काढायचा. जहाजावरून पाण्यात ठरावीक आवाज सोडायचा, तो ऐकून तळाजवळची कडी सुटते, नांगर (म्हणजे भंगारातली लोखंडी चाकं) तिथेच राहतो आणि बाकीचा दोर तरंगत वर येतो. तास-दीड तास सगळे कठड्याला टेकून क्षितिजाकडे बघत असतात. पिवळ्या टोपीतला पहिला काचेचा गोळा दिसला की जो ओरडा होतो, तो भारत-पाक सामन्यातला. दोराला ठिकठिकाणी प्रवाहमापकं बांधलेली असतात. वर्षभर दर तासाला पाणी कुठे आणि किती वेगाने चाललंय हे ती लिहून ठेवतात.

ते आकडे पहिल्यांदा कागदावर काढलेले पाहिले तेव्हा मला वाटलं एखादं यंत्र उलटं बांधलं गेलंय. एका खोलीवर पाणी पूर्वेला, त्याच्या काही शे मीटर खाली पश्चिमेला. साहेब हसले. म्हणाले, यंत्र बरोबर आहे, समुद्रच असा आहे.

ही गोष्ट पहिल्यांदा नोंदली गेली ती आपल्याच हिंदी महासागरात, सोमालियाच्या बाजूला. १९७६ साली जेम्स लायटन आणि जॉन स्वॅलो यांनी ती एका छोट्याशा टिपणात छापली. हा स्वॅलो म्हणजे वल्ली माणूस. त्याने १९५५ मध्ये बांधकामाच्या परांचीला लावतात तसले ॲल्युमिनियमचे नळ घेऊन, तोंडं बंद करून, ठरावीक खोलीवर तरंगत राहणारा तरंडा बनवला होता. नंतर असेच मजले अटलांटिक आणि पॅसिफिकमध्येही सापडले. साधारण पाचशे मीटरपासून दोन हजार मीटरच्याही खालपर्यंत, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना जेमतेम शंभर-दीडशे किलोमीटर, वेग सेकंदाला १०-२० सेंटिमीटर. म्हणजे दिवसाला नऊ ते सतरा किलोमीटर. वारीतल्या पालखीचा दिवसाचा टप्पाही साधारण एवढाच. पण इथे हजारो किलोमीटर लांबीचं पाणी चाललेलं असतं.

आता खरा प्रश्न. वरचे प्रवाह वारा ढकलतो, हे समजतं. पण वाऱ्याचा थेट हात वरच्या शे-दोनशे मीटरच्या खाली फारसा पोचत नाही. मग दीड किलोमीटर खाली, काळ्याकुट्ट अंधारात, एक मजला पूर्वेला आणि त्याच्या खालचा पश्चिमेला कोण ढकलतं?

उत्तर: पाण्याच्या पोटातल्या लाटा.

समुद्र म्हणजे एकसंध पाणी नाही. वर कोमट, हलकं, खाली गार, जड, आणि मधे हळूहळू बदलत जाणारे थर. खालच्या जड पाण्याचा लोंढा वर उचलला गेला तर तो परत खाली बसतो, बसताना जरा जास्तच खाली जातो, पुन्हा वर येतो. झाली लाट. फरक इतकाच की पाणी आणि हवा यांच्या वजनात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि थराथरांत मात्र हजारात दोन-चार भागांचा. त्यामुळे या लाटा आळशी असतात आणि अवाढव्य असतात. आत पाणी पन्नास मीटर वरखाली होत असेल तर वर पृष्ठभागावर काही सेंटिमीटर हललं तर हललं. चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामी सेकंदाला २०० मीटर पळते. आतली सगळ्यात चपळ लाट सेकंदाला अडीच-तीन मीटर. आणि मजले बनवणाऱ्या बारीक थरांच्या लाटा सेकंदाला १५-२० सेंटिमीटर.

विषुववृत्तच का, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या पाण्याला जो कल मिळतो तो उत्तरेला उजवीकडे, दक्षिणेला डावीकडे, आणि बरोबर शून्य अंशावर नाहीसा. पूर्वेकडे निघालेलं पाणी उत्तरेला सरकलं की परत उजवीकडे म्हणजे विषुववृत्ताकडे ढकललं जातं. दक्षिणेला सरकलं तरी तेच. जणू दोन्ही बाजूंना बांध घातलेला पाटच. या पाटातून लाटा हजारो किलोमीटर पळतात, किनाऱ्याला आपटतात आणि परत फिरतात. १९६६ मध्ये तारो मत्सुनो या जपानी शास्त्रज्ञाने या पाटातल्या लाटांचं गणित मांडलं, तेही हवेसाठी.

बाकीचं प्रतिसादांत. हात दुखला.

---

बोका_हजारी

पहिला! वाचनखूण साठवली. पण शाळेत पक्कं शिकवलंय की लाट पाणी वाहून नेत नाही, पाणी जागच्या जागी वरखाली होतं. मग लाटेतून प्रवाह कसा? की सर चुकले?

---

नांगर_उचला

@बोका_हजारी, सर बरोबरच. पण अर्धीच गोष्ट सांगितली.

काशिदला किंवा कलंगुटला पोहायला गेला असाल. चपला आणि कपडे एका दगडापाशी ठेवता, अर्धा तास लाटांत खेळता, बाहेर येता तर दगड पन्नास पावलं बाजूला! दगड हलला नाही, तुम्ही सरकलात. लाटा किनाऱ्याला तिरप्या येऊन फुटतात. न फुटता येणारी लाट आपल्यासोबत पाणी नेत नाही, पण धक्का नेत असते. ती फुटली की तो धक्का तिथल्या पाण्याला मिळतो आणि किनाऱ्याला समांतर प्रवाह सुरू होतो.

पोटातल्या लाटांचंही हेच. लाट शेकडो कोसांवर कुठेतरी जन्मते, धक्का पाठीवर घेऊन फिरते, आणि जिथे ती फुटते, विरते किंवा प्रवाहात अडकून वाकडी होते तिथे तो धक्का उतरवून ठेवते. वारा दीड किलोमीटर खाली जाऊ शकत नाही, पण त्याचं पार्सल जातं.

---

दूरदेशी_दर्यावर्दी

वा! माझा विषय. अठ्ठावीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. अंदमान समुद्रातून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाताना हे डोळ्यांनी पाहिलंय. वारा नाही, समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत, आणि अचानक समोर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत खळखळत्या पाण्याचा पट्टा. उकळी फुटल्यासारखा. रडारवरही रेघ उठते. जहाज त्यातून जाताना नाक जरा बाजूला ओढलं जातं, मग पुन्हा गुळगुळीत, मग दुसरा पट्टा. पहिल्यांदा मी थर्ड ऑफिसर होतो. मला वाटलं उथळ आलं, कॅप्टनला उठवलं. त्यांनी बिनडोक्याचा म्हणून जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

---

नांगर_उचला

@दूरदेशी_दर्यावर्दी, काका, तुमचा प्रतिसाद या धाग्याची शान आहे. तुम्ही पाहिलं ते पोटातल्या लाटेचं वर उमटलेलं पाऊल. त्याच भागात, सुमात्राच्या वायव्येला, पेरी आणि शिम्के यांनी आत ८० मीटरची लाट मोजली आणि १९६५ मध्ये तसं छापलं. १९८० मध्ये ऑसबर्न आणि बर्च यांनी या एकांड्या लाटांवर निबंध लिहिला. तेलाच्या विहिरी खोदणाऱ्यांना त्यांचा त्रास होत होता, म्हणून एवढा खटाटोप.

पण एक भेद सांगतो, नाहीतर गल्लत होईल. अंदमानच्या लाटा भरती-ओहोटी पाण्याखालच्या डोंगरांवरून घासते म्हणून उठतात आणि त्यांचं एक आवर्तन मिनिटांत मोजायचं. विषुववृत्ताच्या मजल्यांशी ज्यांचा संबंध आहे त्यांचं आवर्तन दिवसांत, महिन्यांत, वर्षांत. कूळ एक, गोत्र वेगळं.

---

शेवंता_पाटणकर

२०२१ ला बालीजवळ इंडोनेशियाची पाणबुडी बुडाली, ५३ माणसं गेली, तेव्हा बातम्यांत हीच लाट होती ना?

---

दूरदेशी_दर्यावर्दी

हो, नांगाला. त्यांच्या नौदलाच्या अधिकाऱ्यांनी तशी शक्यता बोलून दाखवली होती. जड पाण्यात तरंगणारी पाणबुडी अचानक हलक्या पाण्यात आली तर दगडासारखी खाली जाते, हे मात्र कुणीही दर्यावर्दी सांगेल.

---

डोलकर_रेवदंडा

आमच्याकडं डोल जाळं लावताना पाण्याची ओढ बघूनच लावतात. उधाणाला जाळं फाटंल इतकी ओढ, भांगाला, म्हंजे अष्टमीच्या बाजूला, पाणी मेल्यागत. आमचा आजा म्हणायचा वरचं पाणी येगळं नि बुडचं येगळं. वजन सोडून बघायचा, दोरी कुठं कलतीय ते. तर तुमचं ते चार किलोमीटरचं दोर हेच ना?

---

नांगर_उचला

@डोलकर_रेवदंडा, अगदी हेच. आणि तुमच्या आजोबांसारखीच गोष्ट पॅसिफिकमध्ये १९५२ साली घडली. मासेमारीच्या लांब गळांच्या दोऱ्या खोल सोडल्या, तर वरचं पाणी पश्चिमेला जात असताना दोऱ्या पूर्वेला ओढल्या जाऊ लागल्या. त्यातून टाउनसेंड क्रॉमवेलला विषुववृत्ताखालचा मोठा प्रवाह सापडला. तो शंभरेक मीटरवरचा, वाऱ्याच्याच हिशेबातला. आपले मजले त्याच्याही खूप खाली.

---

गणिताचा_तास

जरा आकडेमोड होऊ द्या. लाट पाटातून जाते, आपटते, परत येते म्हणालात. किती वेळात?

---

नांगर_उचला

@गणिताचा_तास, याचीच वाट बघत होतो. अटलांटिक घ्या. ब्राझीलपासून गॅबॉनपर्यंत विषुववृत्तावर साधारण ६,२०० किलोमीटर. मजल्यांशी जुळणारी लाट दिवसाला सुमारे १५ किलोमीटर जाते. पूर्वेकडे जाणाऱ्या लाटेला केल्विन लाट म्हणतात. ती पलीकडे पोचायला ४१० दिवस, साडेतेरा महिने. आफ्रिकेच्या किनाऱ्याला आपटून ती रॉसबी लाट बनून पश्चिमेला परत फिरते, पण ही एक तृतीयांश वेगाने चालते. म्हणजे परतीला साडेचाळीस महिने. एकूण ५४ महिने. साडेचार वर्षं.

आता कागद बाजूला ठेवा. २३ अंश पश्चिमेला विषुववृत्तावर जर्मन लोकांनी नांगरलेल्या यंत्रांत मजल्यांची दिशा बदलताना दिसते. आज पूर्वेला जाणारा मजला पुढे पश्चिमेला, मग पुन्हा पूर्वेला. पूर्ण फेरा किती वर्षांचा? साडेचार. सगळा महासागर एखाद्या परातीतल्या पाण्यासारखा एका ठेक्यात हिंदकळतो.

---

गणिताचा_तास

मग पॅसिफिक अडीचपट रुंद. १५,८०० धरले तर साडेअकरा वर्षं यायला हवीत. येतात?

---

नांगर_उचला

साधारण बारा. गडी तयार आहे तुमचा!

हे कळलं ते बरंचसं आर्गो तरंड्यांमुळे. ते स्वॅलोच्या नळाचे पणतू. हजार मीटरवर नऊ-दहा दिवस मुकाट वाहत राहतात, मग दोन हजारापर्यंत बुडी मारून मोजमाप करत वर येतात आणि उपग्रहाला ठिकाण कळवतात. दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले दिवस, की हजार मीटरवरच्या मजल्याचा वेग हातात. मोजायला काहीतरी दुसरंच बनवलं आणि हे फुकटात मिळालं.

---

चिंतातुर_जंतू_नाही

पण हिंदकळणारं पाणी घर्षणाने थांबायला पाहिजे. परातीतलं पाणी दोन मिनिटांत शांत होतं. इथे दर साडेचार वर्षांनी ठेका तसाच? कोणी तरी सतत ढकलतंय. कोण?

---

नांगर_उचला

@चिंतातुर_जंतू_नाही, धाग्याचा गाभा तुम्ही विचारलात. यासाठी चहा घेऊन बसलोय.

समुद्रात या मंद मजल्यांशिवाय चपळ लाटाही असतात, एका महिन्याच्या आसपासच्या. त्यात एक प्रकार आहे यानाई लाटांचा. त्यांच्यात विषुववृत्तावरचं पाणी उत्तर-दक्षिण झुलतं. वरच्या प्रवाहांच्या लपेट्यांमुळे, किनाऱ्यालगतच्या खोल प्रवाहाच्या डळमळण्यामुळे त्या उठतात आणि खाली पसरतात. एकट्या असताना त्या निरुपद्रवी: पाणी जितकं उत्तरेला नेलं तितकं दक्षिणेला, हिशेब शून्य.

पण त्या मजल्यांतून जाताना मजल्याचा प्रवाह त्यांना वाकवतो. वाकलेल्या लाटेत उत्तर-दक्षिण झुलण्याला पूर्व-पश्चिम झुलण्याची साथ लागते, आणि मग हिशेब शून्य राहत नाही. उत्तर-दक्षिण झुलताना लाट बाजूच्या पाण्यातला पूर्वेचा धक्का आणून पूर्वेच्या मजल्यात टाकते, आणि पश्चिमेचा पश्चिमेच्या. म्हणजे ज्याच्याकडे जे आहे त्यालाच आणखी. २०१८ मध्ये ग्रेटबॅच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नांगरलेल्या यंत्रांच्या नोंदींतून हा हिशेब लावून दाखवला.

मला हे कळलं ते गावच्या रस्त्यावरून. पावसाळ्यात पहिली बैलगाडी जाते ती कुठूनही. तिच्या चाकाने जरा खळगा पडतो. दुसऱ्या गाडीचं चाक घसरून त्यातच जातं, खळगा खोल होतो. आठ दिवसांत चाकोरी तयार. गाड्यांनी चाकोरी केली आणि आता चाकोरी गाड्या चालवते. पोटातल्या लाटा म्हणजे गाड्या, मजले म्हणजे चाकोरी.

---

चिंतातुर_जंतू_नाही

दंडवत. पण चाकोरी जागची हलत नाही. तुमचे मजले तर दिशा बदलतात.

---

नांगर_उचला

बरोबर पकडलंत, उपमा तिथे लंगडी पडते. मजल्यांचा सगळा साचा हळूहळू खाली सरकत असतो, अटलांटिकमध्ये वर्षाला शंभरएक मीटर. म्हणून एका जागी बसून पाहिलं तर दिशा बदलताना दिसते. गंमत पुढे आहे. पोटातल्या लाटांचा उफराटा नियम असा की साचा खाली सरकत असेल तर ऊर्जा वर जात असते. म्हणजे खोलातली शक्ती पृष्ठभागाकडे चढते आहे. २०११ मध्ये पीटर ब्रांट आणि मंडळींनी दाखवलं की तोच साडेचार वर्षांचा ठेका अटलांटिकच्या वरच्या पाण्याच्या तापमानात, वाऱ्यात आणि पावसातही उमटतो. नेहमी आकाश समुद्राला ढकलतं, इथे समुद्राचं पोट आकाशाला कोपरखळी मारतं.

---

मेघदूत_२०१०

हवामानवाला हजर. वर हवेतही हाच खेळ आहे हे सांगायला आलो. विषुववृत्तावर वीस-तीस किलोमीटर उंचीवर वारा साधारण २८ महिन्यांच्या फेऱ्यात पूर्व-पश्चिम पलटत राहतो. १८८३ ला क्राकाटोआ फुटला तेव्हा त्याची राख पश्चिमेकडे गेली, आणि १९०८ मध्ये बर्सनला आफ्रिकेवर उलटा वारा सापडला. दोघंही खरे होते, हे कळायला १९६० उजाडावं लागलं. १९६८ मध्ये लिंडझन आणि होल्टन यांनी सांगितलं की हे काम खालून येणाऱ्या लाटांचं.

आणि विश्वास बसत नसेल तर १९७८ चा प्लंब आणि मॅकइवन यांचा प्रयोग. कडं असावं तशी गोल टाकी, त्यात खाली जड, वर हलकं असं खारं पाणी, आणि एक रबरी पडदा वरखाली हलवायचा. कुठल्याही बाजूला ढकलणं नाही, नुसतं वरखाली. थोड्या वेळाने टाकीतलं पाणी गोल फिरू लागतं. आणखी थोड्या वेळाने थांबतं, आणि उलटं फिरू लागतं! पुन्हा, पुन्हा. लहानपणी कोणी दाखवलं असतं तर मी बँकेत गेलो नसतो.

---

शेवंता_पाटणकर

हवामानवाले बँकेत? 😄

---

मेघदूत_२०१०

हौशी हवामानवाला. पोट बँकेवर.

---

पणजीकर_बाय

आम्ही दोनापावलाला राहायचो तेव्हा तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेवरून रोज शाळेत जायचे, आत काय चालतं काही पत्ता नव्हता. आपल्या बाजूला काय सापडलं तेही सांगा ना. सगळं अटलांटिकच चाललंय.

---

नांगर_उचला

@पणजीकर_बाय, रास्त तक्रार. त्याच संस्थेने २००० सालापासून विषुववृत्तावर ७७, ८३ आणि ९३ अंश पूर्वेला प्रवाहमापकांचे दोर नांगरले. त्यातून निघालेलं एक सुंदर प्रकरण म्हणजे पंधरवड्याचा झोका. उत्तर-दक्षिण प्रवाह साधारण पंधरा दिवसांत एक झोका पूर्ण करतो. २००४ मध्ये देबाशीष सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही यानाई लाट आहे आणि तिला झोका देतो तो वारा. मोसमी वाऱ्यांतही दहा-वीस दिवसांची चढउतार असतेच. इथे साचा वर सरकतो, म्हणजे मघाच्या नियमाने ऊर्जा खाली जाते. वाऱ्याचं पार्सल म्हणालो ना, ते हे असं उतरतं.

---

डोलकर_रेवदंडा

पंदरा दिवस म्हंजे उधाण-भांगच की. अमावास्या-पुनव.

---

नांगर_उचला

मलाही पहिल्यांदा हेच वाटलं होतं! पण उधाण पंचांगाप्रमाणे येतं, एक दिवस इकडे तिकडे नाही. हा झोका कधी बारा दिवसांचा, कधी अठरा, वारा ठरवेल तसा.

---

टीकाकार_तात्या

आता यावरून कोणी या वर्षीचा पाऊस सांगू लागेल. दर वर्षी नवीन एक लाट निघते.

---

नांगर_उचला

तात्या, मी तरी नाही सांगणार. वरचे आकडे अटलांटिकचे, तिथल्या पावसाचे. आपल्या मोसमी पावसाला ते जसेच्या तसे चिकटवणारा फॉरवर्ड आला तर खुशाल उडवा.

---

आर्याची_आई

मुलीला (इयत्ता सहावी) वाचून दाखवलं, तिला लगेच प्रयोग हवा. घरी करता येईल असं काही?

---

नांगर_उचला

एक लिटरची पारदर्शक बाटली. अर्धं पाणी, त्यात निळी शाई, वर काठोकाठ गोडेतेल, बुडबुडा न ठेवता झाकण. आडवी धरून एक टोक हळूच उचला आणि खाली ठेवा. (रॉकेलने जास्त छान होतं, पण ते आता मिळतं कुठे.) दुसऱ्या बाटलीत नुसतं अर्धं पाणी आणि वर हवा. दोन्हींच्या हेलकाव्याचे सेकंद मोजा.

---

आर्याची_आई

केलं! हवेच्या बाटलीत एक हेलकावा सेकंदाच्याही आत, मोजताच येईना, दहा मोजून भागाकार केला. तेलाच्या बाटलीत जवळजवळ चार सेकंद, आणि तीन-चार हेलकाव्यांत थंड. आर्या म्हणते लाट 'स्लो मोशन'मध्ये चालते. तेलाचं काय करायचं यावरून सासूबाईंची बोलणी खाल्ली ती वेगळी.

---

नांगर_उचला

मग पुढच्या वेळी तेल नको. खाली मिठाचं रंगीत पाणी, वर साधं. साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडा, नाहीतर मिसळेल. लाट आणखी आळशी होईल आणि सासूबाईही काही बोलणार नाहीत.

---

आर्याची_आई

रविवारी करतो. किती मीठ?

---

नांगर_उचला

अर्ध्या लिटरला चहाचे तीन चमचे. साधारण समुद्राएवढं.